येशूला आपापल्या पक्षात ओढणं थांबवा आता

बिरुयाकर :
काल एका भावाने लिहिलंय की येशू जगातला पहिला समाजवादी होता, बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' (पुढे नुसतं कृत्ये) या पुस्तकाच्या २ऱ्या अध्यायात पहिल्या ख्रिस्ती लोकांचं सगळं सामाईक होतं, आणि एवढं असून जे ख्रिस्ती लोक सरकारी कल्याण योजनांसाठी कर भरताना कुरकुर करतात ते ढोंगी. चार ओळी, खाली टाळ्याच टाळ्या. मी गप्प बसणार होतो पण सकाळपासून डोक्यात तेच फिरतंय, त्यामुळे आता लांबलचक लिहितोय, वेळ नसेल त्यांनी पुढे जावं.

कृत्ये २:४४ (अध्याय २, वचन ४४) मलाही पाठ आहे हो. मालमत्ता विकायचे, ज्याला जशी गरज तसं वाटून द्यायचे. पण तीन अध्याय पुढे जायला काय होतं? हनन्या आणि सप्पीरा. जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले, उरलेले प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले आणि हेच सगळे असं भासवलं. दोघं जागच्या जागी मेले. लोक ही गोष्ट सांगतात जणू पैसे ठेवले म्हणून मेले. अहो पेत्र, येशूचा प्रमुख प्रेषित, काय म्हणतो ते वाचा ना, ५:४, विकायच्या आधी ती तुझीच नव्हती का, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात नव्हते का? म्हणजे मालकी त्याचीच, पेत्राला ती मान्य आहे. पाप खोटं बोलण्याचं.

आणि या सगळ्यात कैसर, म्हणजे रोमचा सम्राट, कुठे दिसतोय? रोमचा एक तरी शिपाई दारात वसुलीला उभा आहे? प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांकडे वर्गणी मागतो तेव्हा सरळ सांगतो की हे मी आज्ञा म्हणून बोलत नाही (२ करिंथ ८:८), आणि पुढच्याच अध्यायात, कुणी नाइलाजाने देऊ नये, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. संतोषाने कर भरणारा एक माणूस दाखवा मला, मी त्याच्या पाया पडतो. लूक १२ मध्ये एकजण येऊन म्हणतो गुरुजी माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, तर येशू म्हणतो मला तुमच्यावर वाटणी करणारा कुणी नेमलं? वाटणीमंत्र्याचं खातं प्रभूने तिथल्या तिथे नाकारलेलं आहे. आणि येशूच्या दृष्टांतात जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याने खानावळवाल्याला दोन दिनार दिले ते स्वतःच्या कमरेचे, आधी निघून गेलेल्या याजकाच्या मागे धावून त्याच्याकडनं काढलेले नाहीत.

गरिबाला द्या, भरपूर द्या, मी कुठे नाही म्हणतोय. फक्त दुसऱ्याच्या खिशातून देऊन त्याला ख्रिस्ती प्रीती म्हणू नका.

जक्कयचं_झाड :
बिरुयाकर दादा, नवा करार उघडलात आणि जुना मिटून ठेवलात, सोयीचं आहे.

लेवीय १९:९. शेताची कोपऱ्यापर्यंत कापणी करायची नाही, सरवा (कापणीनंतर शेतात पडलेली कणसं) वेचायचा नाही, मळ्यात गळालेली द्राक्षं उचलायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. "मनात आलं तर ठेवा" असं नाही लिहिलेलं. "ठेवा" लिहिलंय. कायदा आहे तो. अनुवाद (जुन्या करारातलं पुस्तक) १५, दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचं, आणि सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला उधार द्यायचं टाळू नको ही ताकीदसुद्धा त्यातच आहे, कारण मोशेला माणसं चांगली माहीत होती. लेवीय २५, पन्नासाव्या वर्षी योबेल, जमीन मूळ कुटुंबाकडे परत, कारण "जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे". हे संतोषाने देणाऱ्यांसाठी नाहीये, न देणाऱ्यांसाठी आहे.

आणि राज्यकर्त्याचं काम काय? स्तोत्र ७२ पूर्ण वाचा, राजाने दीनांचा न्याय करावा. यिर्मया २२, यहोयाकीम राजा महाल बांधत बसलाय आणि मजुरांची मजुरी देत नाही, संदेष्टा त्याला सुनावतो की तुझ्या बापाने, योशीयाने, दीनदुबळ्यांचा न्याय केला, मला ओळखणं ते हेच नव्हे काय. देव राजाला म्हणतोय हे. मंडळीच्या (चर्चच्या) फंडाला नाही.

बिरुयाकर :
झाडावर चढल्यावर लांबचं दिसतं पण खालचं दिसत नाही बहुतेक. योबेलात जमीन कुणाकडे परत जाते? सरकारकडे? नाही, कुटुंबाकडे. जगात खाजगी मालकीची याहून पक्की व्यवस्था दाखवा, पन्नास वर्षांनीसुद्धा वतन हलत नाही. आणि तटबंदीच्या शहरातलं घर योबेलातून वगळलंय, वर्षभरात सोडवलं नाही तर कायमचं विकत घेणाऱ्याचं (२५:३०). ते का बरं कुणी सांगत नाही?

सरवा. कोपरे न ठेवणाऱ्याला शिक्षा काय ते दाखवा. चोराने किती पट भरायचं ते लिहिलंय, बैलाने शिंग मारलं तर काय ते लिहिलंय, कोपऱ्यांबद्दल दंड नाही. म्हणजे देवाचा दरारा आहे, इन्स्पेक्टर नाही. शिवाय सरवा वेचायला गरिबाने स्वतः उन्हात जायचं, कष्ट करायचे. पौल २ थेस्सलनीकाकर ३:१० मध्ये म्हणतो, काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये. रूथ या गरीब परक्या विधवेनेही सरवा वेचायला परवानगी मागितली होती, रूथ २:७ बघा.

राजाबद्दल बोलायचं तर १ शमुवेल ८ राहिलं का? राजा तुमच्या धान्याचा दहावा हिस्सा घेईल, कळपाचा दहावा हिस्सा घेईल, आणि तुम्ही रडाल. संदेष्टा शमुवेल दहा टक्क्यांना जुलूम म्हणतोय. दहा!! आपण कितीवर आहोत ते आपापल्या पगाराच्या कागदावर बघा.

हिशेबनीस :
बिरुयाकर यांच्याशी शंभर टक्के सहमत आणि मी पुस्तकातून बोलत नाही, बावीस वर्षं एका सरकारी कल्याण कार्यालयात बसलोय. कुठल्या ते विचारू नका. वर मंजूर झालेला पैसा खाली येईपर्यंत किती हातांना चिकटतो ते मी पाहिलंय. एका बाईचा अर्ज सात महिने फिरत होता कारण तिच्या नावात एक वेलांटी चुकली होती, शेवटी मंजूर झाला तेव्हा ती वारली होती, आणि त्या फाइलवर मला "निकाली" असा शिक्का मारावा लागला. निकाली. दया जेव्हा खात्याकडे जाते ना तेव्हा तिचं असं होतं. येशूने त्या आंधळ्याला फॉर्म भरायला लावला नव्हता.

मार्था_घाईत :
हिशेबनीस काका, तुमची गोष्ट वाचून वाईट वाटलं, खरंच. आता माझी ऐका.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची, धाकटा भाऊ चारचा. मंडळीने मदत करायचं ठरवलं. त्यासाठी समितीसमोर आईला उभं केलं, बसायला खुर्ची होती तरी उभं. विचारलं की नवऱ्याने काही ठेवलंय का, माहेरचे काय करतात, उपासनेला दोन रविवार का नव्हतीस. मदत मिळाली, खोटं कशाला बोलू. पण पुढची दोन वर्षं आईने नवी साडी नेसली की कुणीतरी बघायचं. पुढे तिला सरकारी विधवा पेन्शन लागली. थोडकीच. उशिरा यायची, खेटे घालावे लागायचे, सगळं खरं. पण त्या खिडकीतल्या माणसाने तिला कधी विचारलं नाही की रविवारी कुठे होतीस. आई म्हणायची या पैशाला तोंड नाहीये, म्हणून बरा वाटतो.

तुम्हाला खात्याची दया खुपते, मला ओळखीच्या लोकांची खुपली. संतोषाने देणाऱ्याला किती संतोष होतो ते मी जवळून बघितलंय, घेणाऱ्याला काय होतं त्यावर पौलाने एखादं वचन लिहायला हवं होतं.

बिरुयाकर :
मार्थाताई, तुमच्या आईंना तसं उभं करणाऱ्यांना मी इथे बसून माफी मागायला लावू शकत नाही, पण ते चूक होतं. पण ती मंडळी वाईट होती म्हणून शास्त्र सरकारी योजना शिकवतं असं होत नाही ना. १ तीमथ्य ५ मध्ये विधवांची यादी करायची पद्धत मंडळीतच आहे, साठ वर्षांच्या वरच्या, ज्यांना कुणी नाही अशा.

मार्था_घाईत :
आई एकतीस वर्षांची होती. आणि तुमच्याच १ तीमथ्य ५:११ मध्ये तरुण विधवांना यादीत घेऊ नका म्हटलंय. धन्यवाद.

नुसता_वाचक :
मी तुमच्या धर्माचा नाही, कुठल्याच नाही, पण दोन गमती सांगतो आणि पळतो.

एक. बिरुयाकर समाजवादाच्या विरोधात "काम करत नाही त्याने खाऊ नये" टाकतात. हेच वाक्य सोव्हिएत रशियाच्या १९३६ च्या राज्यघटनेत कलम १२ मध्ये समाजवादाचं तत्त्व म्हणून छापलेलं आहे, त्याआधी १९१८ च्या घटनेतही होतं. पौलाचं नाव न घेता अर्थात. आणि मार्क्सने १८७५ मध्ये लिहिलं की प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे. आता कृत्ये ११:२९ आणि ४:३५ शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोन्ही बाजू एकाच दुकानातून माल उचलताहेत.

दोन. ज्युलियन सम्राट, चौथं शतक, ख्रिस्ती वातावरणात वाढून पुन्हा जुन्या देवांकडे गेलेला. गलतियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात चरफडतो की हे नास्तिक गालिली (म्हणजे तुम्ही) स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आपलेही पोसतात, आपल्याला लाज वाटली पाहिजे. मग काय करतो? सरकारी कोठारातून दर वर्षी ३०,००० मोदी (धान्याचं रोमन माप) गहू मंजूर करतो, पाचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या हाताखालच्या गरिबांना आणि बाकी परक्यांना आणि भिकाऱ्यांना. म्हणजे ख्रिस्त्यांच्या खाजगी दयेवर जळून एका ख्रिस्तद्वेष्ट्याने सरकारी दया सुरू केली. हे कुणाच्या बाजूचं ते तुम्हीच ठरवा.

बिरुयाकर :
माझ्या बाजूचं. स्पष्टच आहे.

जक्कयचं_झाड :
माझ्या. मंडळीने लाज आणली म्हणून सरकार हललं, हेच तर पाहिजे.

मिस्साला_उशीर :
आमच्याकडे हा प्रश्न पोपने सोडवून ठेवलाय असं दोन्हीकडचे म्हणतात :) तेरावे लिओ, १८९१, कामगारांच्या प्रश्नावरचं परिपत्रक. खाजगी मालमत्ता हा नैसर्गिक हक्क, समाजवाद चूक. आणि त्याच कागदावर, मजुरी पोट भरण्याएवढी असायलाच हवी, मालक मजूर दोघं राजी असले तरी त्याखाली नको, आणि गरिबांकडे राज्याने विशेष लक्ष द्यावं कारण श्रीमंतांना स्वतःचं रक्षण करता येतं. मग १९३१ ला अकरावे पायस, खरा समाजवादी आणि चांगला कॅथोलिक एकाच वेळी होता येत नाही. माझे एक काका पहिलं अर्ध वाचतात, एक काका दुसरं, आणि लग्नात दोघांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवावं लागतं.

दशमांशग्रस्त :
सगळे सरकारच्या करावर भांडताय, पण आपल्याकडून आधीच दहा टक्के घेतले जातात त्याचं काय? मी आधी होतो त्या मंडळीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणी किती दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) दिला त्याची यादी वाचायचे. माइकवर. माझी नोकरी गेली त्या वर्षी लागोपाठ तीन महिने माझ्या नावापुढे "काही नाही" वाचलं गेलं, पोरं शेजारी बसलेली. चौथ्या महिन्यात सेवक घरी आले, मला वाटलं विचारपूस करायला आले. मलाखी ३ उघडून बसले, देवाला लुटता काय. आणि बिरुयाकर म्हणतात मंडळीत सगळं संतोषाने चालतं. सरकारने निदान उत्पन्न नसताना कर मागितला नाही!!

पाळकाचा_मुलगा :
माइकवर यादी वाचणं चूकच. पण दशमांश म्हटलं की पाळक म्हणजे जणू दरोडेखोर, या सुरात जे बोललं जातं ना ते आता ऐकवत नाही. माझे वडील पाळक होते. महिनोन्महिने पगार अर्धा यायचा, मंडळी म्हणायची प्रभू पुरवेल, आणि प्रभू आईच्या बांगड्यांतून पुरवायचा. ज्यांच्या घरच्या प्रत्येक मयताला बाबा रात्री बेरात्री गेले तेच लोक अर्पणाच्या थाळीत सुटे पैसे टाकायचे. गणना १८:२१, दशमांश लेव्यांना, म्हणजे मंदिरसेवा करणाऱ्या वंशाला, वतन म्हणून दिलाय कारण त्यांना जमीन नाही. सेवकाने हवा खायची काय?

दशमांशग्रस्त :
तुमच्या वडिलांबद्दल मी काही बोललो नाही. पण तुम्ही गणना १८ काढलं म्हणून मी अनुवाद १४ काढतो. दशमांश दूर न्यायला जमत नसेल तर विकून पैसे करा, आणि त्या पैशाने तुझ्या मनाला येईल ते घे, बैल, मेंढरं, द्राक्षारस, मद्य, आणि घरच्यांसोबत परमेश्वरासमोर खा पी आनंद कर. १४:२६. दशमांशाचं मद्य! आयुष्यात या वचनावर एक प्रवचन ऐकलंय कुणी? चाळीस वर्षं मंडळीत जातोय, मलाखी ३:१० मी झोपेत म्हणू शकतो, हे मला बेचाळिसाव्या वर्षी स्वतः वाचताना सापडलं.

पाळकाचा_मुलगा :
२६ वर थांबलात. २७ वाचा की. "तुझ्या वेशीच्या आतल्या लेव्याला सोडू नको, कारण त्याला वतन नाही." तुमचा द्राक्षारस झाला की आमच्याकडे या.

मिस्साला_उशीर :
तरी बरं, आता कोर्टात तरी खेचत नाहीत. शार्लमेनने ७७९ मध्ये दशमांश कायद्यानेच सक्तीचा केला, मग पुढे हजारभर वर्षं युरोपात शेतकऱ्याच्या खळ्यावरून दहावी पेंढी उचलून न्यायचे. फ्रान्समध्ये तो क्रांतीत गेला, १७८९. इंग्लंडात १८३६ ला धान्याऐवजी रोख झाला. जर्मनीत चर्चचा कर अजून सरकारच कापून घेतं, फक्त सदस्यांकडून. म्हणजे बिरुयाकर ज्या मंडळीच्या खाजगी दयेचे गोडवे गाताहेत ती मंडळी हजार वर्षं करावर जगत होती.

बिरुयाकर :
आणि म्हणूनच सडली. माझाच मुद्दा.

दशमांशग्रस्त :
नाही पण मला पाळकाच्या मुलाला विचारायचंय, नव्या करारात प्रेषितांनी एकातरी मंडळीला दशमांश द्या असं लिहिलंय? एक वचन. मत्तय २३:२३ सांगू नका, ते परूशांना (कर्मठ यहूदी धर्मपुढाऱ्यांना) झापताना आहे, पुदिना, शेप, जिऱ्याचा दशमांश देता आणि न्याय दया सोडून देता.

पाळकाचा_मुलगा :
"ह्या करायच्या होत्या, त्या सोडायच्या नव्हत्या" हे त्याच वचनाचं शेपूट आहे. आणि अब्राहामाने याजक-राजा मलकीसदेकाला दिला तेव्हा नियमशास्त्र आलंही नव्हतं.

दशमांशग्रस्त :
लढाईच्या लुटीतला दिला. मी अजून कुणाला लुटलं नाही, लुटलं की आणून देतो.

पाळकाचा_मुलगा :
ही भाषा बघा. अशा लोकांसाठी माझ्या बापाने आयुष्य घातलं.

मार्था_घाईत :
दोघंही जरा थांबा. तुम्हाला दोघांना मंडळीनेच दुखवलंय, एकाला घेताना आणि एकाला देताना, आणि भांडताय एकमेकांशी.

जक्कयचं_झाड :
मार्थाताई बरोबर. आणि हा दशमांशाचा विषय भरकटलेला वाटतो पण मूळ मुद्दा याच्यातच पडलाय, कुणी उचलला नाही. दशमांशग्रस्त भाऊ २६ ला थांबले, पाळकाचा मुलगा २७ ला, दोघांनी २८-२९ सोडलं. दर तिसऱ्या वर्षी दशमांश यरुशलेमला न्यायचाच नाही. आपल्याच गावच्या वेशीत साठवायचा, आणि लेवी, परका, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. विधवा. मार्थाताई, तिथे वयाची अट नाही, उपासनेच्या हजेरीची पण नाही. उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा, ठरलेल्या वर्षी, गावागावात कोठार, ठरलेले लाभार्थी, त्यात परदेशीसुद्धा. याला मी कल्याण योजना म्हणू नको तर काय म्हणू? देवळाचं आणि राज्याचं पुस्तक तिथे एकच होतं, म्हणून ही मंडळीची वर्गणी का सरकारचा कर हा प्रश्नच त्या लोकांना कळला नसता.

बिरुयाकर :
पण ते इस्राएल होतं, देवाचा करार असलेलं राष्ट्र. ते उचलून आजच्या कुठल्याही सरकारवर चिकटवायचं? मग शब्बाथाला लाकडं गोळा करणाऱ्याला दगडमारही चिकटवा. आणि पुन्हा तेच, न देणाऱ्याचं काय करायचं ते लिहिलेलंच नाही. अनुवाद २६ मध्ये माणूस स्वतः परमेश्वरासमोर उभा राहून सांगतो की मी घरातून पवित्र वाटा काढून दिलाय. स्वतः सांगतो. त्याच्या घराची झडती कुणी घेत नाही. वसुली कुठे आहे ते दाखवा, सुभेदाराने श्रीमंताकडून घेऊन गरिबाला दिल्याचं एक ठिकाण दाखवा, मी गप्प बसतो.

जक्कयचं_झाड :
नहेम्या ५.

दुष्काळ, लोकांनी शेतं गहाण टाकली, मुली दासी म्हणून गेल्या. नहेम्या कोण? पारशी राजाने नेमलेला यहूदाचा सुभेदार. तो काय करतो? अमीर उमरावांना बोलावून मोठी सभा भरवतो आणि म्हणतो आजच्या आज शेतं, द्राक्षमळे, घरं परत करा आणि घेतलेलं व्याजही. ते "देतो" म्हणाले, तर हा त्यांच्या संतोषावर विश्वास ठेवत नाही, याजकांना बोलावून शपथा घ्यायला लावतो आणि वरून पदर झटकून म्हणतो जो शब्द मोडेल त्याला देव असाच झटकून टाको. सरकारी अधिकारी, श्रीमंताकडून, गरिबाला. गप्प बसण्याची वेळ झाली दादा.

बिरुयाकर :
थांबा, पूर्ण अध्याय वाचून येतो.

हिशेबनीस :
नहेम्याने बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही हे पण त्याच अध्यायात आहे, ५:१४. असा एक साहेब मला बावीस वर्षांत भेटला असता ना, तर मी आज त्या बाजूला बसलो असतो.

नुसता_वाचक :
काका, हे वाक्य दोन्ही बाजूंनी कापतंय.

हिशेबनीस :
कापू दे. ती फाइल अजून आठवते मला.

बिरुयाकर :
वाचलं. आता ५:४ तुम्ही वाचा. लोक कशासाठी कर्ज काढत होते? "राजाचा कर भरण्यासाठी आम्ही आमच्या शेतांवर आणि मळ्यांवर पैसा उसना घेतलाय." म्हणजे आधी सरकारने कर लावून लोकांना सावकाराच्या दारात उभं केलं, मग सरकारच्याच माणसाने त्यांना सोडवलं. हे तुमच्या कल्याणकारी राज्याचं चित्र असेल तर फ्रेम करून लावा. दुसरं, त्याने तिजोरीतून काही वाटलं नाही, जे अन्यायाने घेतलं होतं ते परत करायला लावलं. ते न्यायाचं काम आहे, दानाचं नाही. न्याय सरकारने करावा हे मी पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायावरून कधीपासून मानतो.

जक्कयचं_झाड :
व्याज त्यांनी चोरलं नव्हतं दादा, देणाऱ्या घेणाऱ्याच्या राजीखुशीने ठरलं होतं. शेकडा एक. सरळ ठरलेला व्यवहार, आणि सुभेदाराने उलटवला. तुम्ही त्याला न्याय म्हणालात ना आत्ता? मीही न्यायच म्हणतोय. पहिल्यापासून. "दान" हा शब्द तुमचा.

मार्था_घाईत :
पेन्शनच्या कागदावर पण दान लिहिलेलं नव्हतं. मी आत्ता काढून बघितला, आईच्या पेटीत आहे अजून.

बिरुयाकर :
ठीक आहे. नहेम्या ५ तुमचं. सरव्याचं पण अर्धं तुमचं, दंड नसला तरी हक्क होता हे मान्य करतो, रूथने परवानगी मागितली असली तरी. तिसऱ्या वर्षाचा दशमांश मला अजून चघळायचाय. पण कृत्ये २ मी देणार नाही, त्यात सरकार नव्हतं आणि नाही, आणि येशू समाजवादी ही पोस्ट बिनडोक होती ती बिनडोकच आहे.

जक्कयचं_झाड :
बरं. हनन्यानेही थोडं मागे ठेवलंच होतं.

बिरुयाकर :
हो, पण मी सांगून ठेवतोय.